घरजावयानं अंडी घातली होती

ताई, ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. तू होतीस तोवर उद्या सांगू म्हणून टाळली, आणि तू गेल्यावर आता कोणाला सांगायची म्हणून टाळणार होतो. पण परवा तुझ्या तेरवीला नितीन पंगतीत उभा राहिला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "मामा होते म्हणून आईचं निभावलं. तिला शेवटी स्वतःचे मासेसुद्धा ओळखू येत नव्हते, पण मामांनी एकही दिवस तिच्यावर आवाज चढवला नाही." तुझा मुलगा बोलत होता आणि लोक माझ्याकडे पाहून माना हलवत होते. कोणीतरी माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला. मी तो खाल्ला.

तुला मासे ओळखू येत होते. तेवढं लिहायला बसलो आहे.

तुझ्या अकोल्याच्या घरात ती काचेची पेटी नितीननं आणली. घरून काम करायचे दिवस होते, तो पुण्याहून तुझ्याकडे येऊन राहिला होता आणि त्याला कशात तरी जीव रमवायचा होता. कचेरी उघडली तसा तो गेला. जाताना म्हणाला, "आई, हे कोणाला तरी देऊन टाक, तुला झेपणार नाही." तू दिलं नाहीस. समोरच्या खोलीत, जिथं आधी भाऊजींचा दिवाण होता, तिथं समुद्राचं पाणी, निळसर दिवा, घुरघुरणारी मोटार, मधोमध बोटं हलवत बसल्यासारखं ते समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणी, आणि त्यात दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे.

मी अमरावतीहून आलो की आपलं भांडण ठरलेलं. आपलं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. आई गोड पाण्यासाठी नदीपलीकडे जायची, मागे तू लहान घागर घेऊन. मी म्हणायचो, "ताई, अर्धा जन्म गोडं पानी वाहण्यात गेला आपला, अन् आता तू गोड्या पान्यात विकतचं मीठ कालवून राहिली. आपल्या बोअरचं टाक न. ते का कमी खारं हाय?"

"ते मीठ अलग, हे मीठ अलग."

"मीठ म्हंजे मीठ."

"मंग सोड न एक मासा आपल्या हिरीत. जगला तं मी तुले दादा म्हनीन."

हे भांडण कधी संपलं नाही. पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं.

मोठ्या माशाला तू मालकीण म्हणायचीस, लहान्याला घरजावई. कारण घर तिचं, तो तिच्या घरात राहणारा. दाणे टाकले की आधी ती खायची. तो पुढं आला की ती अंगावर जायची, आणि मग तो एका कुशीवर कलून सगळं अंग थरथरवायचा. तू मला काचेजवळ ओढून दाखवायचीस. "पाय, माफी मागून राहिला. तुमच्यातल्या एकाले तरी येते का असं?"

येणाऱ्या प्रत्येकाला तू त्यांची रीत समजावून सांगायचीस. की या जातीत सगळे नर म्हणून जन्मतात. एका समुद्रफुलात एक कुटुंब, त्यात सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालचा तिचा नवरा, बाकीची लहान पोरं, आणि तीही सख्खी नाहीत, कुठून कुठून वाहत आलेली. ही मादी मेली की नवऱ्याचीच हळूहळू मादी होते आणि पोरांतला मोठा तिचा नवरा होतो. घर मोडत नाही. एकदा शेजारच्या इंदूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गेल्या अन् मामंजी दुसऱ्याच दिवसापासून भाजीत मीठ कमी म्हनू लागले. मासाच होता म्हना तो बी." तू इतकी हसलीस की तुला पाणी द्यावं लागलं.

मालकिणीनं अंडी घातली तेव्हा तू मला फोन केलास, जसा नितीन झाला तेव्हा केला होतास. समुद्रफुलाच्या बुडाशी दगडावर नारिंगी ठिपके. आणि घरजावई दिवसभर त्यांना पंखांनी वारा घालत होता, तोंडानं एकेक ठिपका साफ करत होता, खराब झालेला खाऊन टाकत होता. मालकीण नुसती पहारा द्यायची. तू हात आत घातलास तर तिनं तुझं बोट चावलं. रक्त निघालं नाही, पण तू ते बोट आठवडाभर सगळ्यांना दाखवलंस. पिल्लं निघाली आणि जगली नाहीत. त्यांना सुरुवातीला उघडा समुद्र लागतो, वाहत जायला, म्हणालीस. पेटीत वाहून वाहून जाणार कुठं.

मग तुझा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं. तू आमच्या घरी, तुझी भावजय कुसुम तुझ्या डोळ्यांत थेंब टाकणार, आणि मी अकोल्याला तुझ्या घरात, माशांपाशी. निघताना तू मला पुन्हा पुन्हा बजावलंस. "उन्हाळा हाय. पानी उडते, मीठ नाई उडत. म्हनून वरून गोडंच टाकाचं. या कॅनमधलंच, मशीनचं. ध्यानात राहीन न?"

"मी का लहान हाय?"

"लहान नाई, दीडशहाना हाय. म्हनून सांगून राहिली."

अकोल्याचा मे महिना तुला सांगायला नको. पेटीवर पंखा, खोलीत कूलर, आणि पाणी रोज बोटभर खाली जायचं. कॅन संपले. नळ आला नव्हता, नळ नाही म्हणून मशीनमध्ये पाणी नाही. चौकातून एक भरलेला कॅन आणता आला असता, पण उन्हात बाहेर पडायचा कंटाळा होता, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. ते खरं नाही. मला भांडण जिंकायचं होतं. मागच्या अंगणात बोअर होतं, खारं. मी मनात तुझ्याशी बोलत बोलत दोन बादल्या भरल्या. तू परत आलीस की सांगणार होतो, पाय ताई, आपल्या पान्यात जगले. म्हन आता दादा.

दोन्ही बादल्या मी एकदमच ओतल्या.

संध्याकाळपर्यंत समुद्रफूल आक्रसून पिळलेल्या मोज्यासारखं झालं. मालकीण वर येऊन तोंड उघडत होती, मिटत होती. घरजावई तिच्या खाली फिरत होता. मी पंखा वाढवला. दुसरं काय करतात मला माहीत नव्हतं, आणि तुला फोन करायची हिंमत नव्हती. सकाळी ती वाळूवर आडवी होती. मी तिला चहाच्या गाळणीनं काढलं. तेवढ्यात घंटागाडी आली, गाणं वाजवत. मी तिला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गाडीत टाकलं. अंगणात कढीपत्त्याखाली जागा होती, ताई. मला ते सुचलंही नाही. मला फक्त ती दिसायला नको होती.

मग मी सलीमभाईकडे धावलो. तुझं मीठ, दाणे सगळं त्याच्याकडूनच यायचं, तो तुला अम्मा म्हणायचा. तो तसाच दुकान बंद करून आला, पाण्यात बोट घालून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "चाचा, ये कौनसा पानी डाला?" मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. दुपारभर खपून त्यानं पाणी बदललं. घरजावई वाचला, समुद्रफूलही पुढं सुधारलं. मी म्हणालो, तसाच मोठा मासा दे. तो म्हणाला, "इतनी बडी मादी किधर मिलेगी? छोटा डालो. जो बचा है, वो मादी बन जाएगा. पर अम्मा को बता देना." मी हो म्हणालो, आणि त्यानं दुकानातून आणलेला लहान मासा पेटीत सोडला.

तू परत आलीस काळा चष्मा लावून. चप्पल काढायच्या आधी पेटीसमोर गेलीस. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेलो. आतून मला तुझा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी बाहेर आलो. तू चष्मा काढून, काचेला नाक लावून उभी होतीस.

"दिगू, मालकीन कुठी हाय?"

"ते काय समोर."

"हा घरजावई हाय. याचा मधला पट्टा पाठीवर तुटेल हाय. तिचा सलग होता, खाली काळा टिपका." मग तू बोट लहान माशावर आणलंस. "अन् हा कोन?"

तेव्हा सांगता आलं असतं. तू मला शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलली नसतीस, आणि मग जन्मभर मला बोअरवाला म्हणून चिडवलं असतंस. मी म्हणालो, "ताई, डोळ्याचं ऑपरेशन झालं तुयं. डॉक्टरनं सांगतलं न, काही दिवस रंग वेगळे दिसते म्हनून."

"रंग वेगळे दिसन. मासा वेगळा दिसन का?"

"दिसते. चष्मा लाव."

तू चष्मा लावलास. पण तू पाहणं सोडलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून उभं केलंस. लहान मासा समुद्रफुलाजवळ जात होता, शेपटी लावत होता, झटक्यात मागं येत होता, पुन्हा थोडं अंग लावत होता. "ज्याचं घर हाय तो असा बिचकत जाते का घरात? हा नवा हाय, दिगू. याच्या अंगाले अजून त्या फुलाची सवय नाई. सवय होयेपर्यंत ते डसते." मी म्हणालो, आजारी असन. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की तुझे डोळे खरोखर साफ झाले आहेत.

नितीनला तू फोनवर सांगितलंस की माझा मासा कोणीतरी बदलला. त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, दोन्ही तेच आहेत. तीन शब्द, ताई. त्यानंतर सगळे त्या शब्दांवरच उभे राहिले. त्याच महिन्यात तुझं दूध उतू गेलं आणि गॅस विझून तसाच चालू राहिला. कोणाच्याही घरी होतं. कुसुमच्या हातून कितीदा झालं. पण तू मासा बदलला म्हणणारी बाई होतीस, म्हणून ते वेगळं झालं. शेगडी काढली, डबा लावला. कार्तिकात तू एकटी एसटीनं कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचीस, ते बंद झालं. डॉक्टरांनी तुला आजचा वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तू चिडलीस आणि काढलं नाहीस. तेही तुझ्या नावावर गेलं.

आणि मग, जवळजवळ वर्षानं, घरजावयानं अंडी घातली.

नितीन आलेला होता, मीही होतो. तू आम्हाला दोघांना बोलावून दाखवलंस. घरजावई आता मोठा झाला होता, रुंद, मालकिणीसारखा पहारा देत होता, आणि तो लहान मासा अंड्यांना वारा घालत होता. तुझा चेहरा मी विसरलो नाही. खटला जिंकलेल्या माणसाचा होता. "पायलं? मी म्हनत होती न? मालकीन मेली, म्हनून हा मादी झाला. अन् हा तिसरा त्याचा नवरा. आता बोला."

नितीन खूप हळू बोलला. मासे त्यानंच आणले होते, त्याला ही रीत माहीत होती. "आई, बरोबर आहे, पण ती मादी मेली तरच होतं. इथं कोण मेलं? मामा सांगतायत ना, दोन्ही तेच आहेत. अंडी मालकिणीनंच घातलीत, ती मोठीच आहे बघ." मग तो माझ्याकडे वळला. "हो ना मामा?"

तू माझ्याकडे पाहत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाट पाहत होतीस.

मी म्हणालो, "हो."

तू खुर्चीत बसलीस. नितीन मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि रडला. "मामा, तिला आता एकटं ठेवता येणार नाही." पुण्याला तिसऱ्या मजल्यावर तू रमणार नाहीस, हे त्याला कळत होतं. मी म्हणालो, माझ्याकडे राहील. त्यानं माझे पाय धरले.

घर बंद करायच्या दिवशी सलीमभाई पेटी न्यायला आला. तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. मी दारात होतो, नितीन बाहेर टेम्पोपाशी. तू म्हणालीस, "सलीमभाई, तुम्ही माशांतले मानूस. खरं सांगा. हे दोघं माहेच हायत का?"

सलीमभाई माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी. तुला दिसली असेल का, हे मी आजवर स्वतःला विचारतो. त्यानं खाली पाहिलं. "आपके ही हैं अम्मा. आपके नहीं तो किसके होंगे?" टेम्पो निघताना तो माझ्याजवळ आला. "चाचा, मैंने कभी अम्मा से झूठ नहीं बोला था." पुन्हा मी त्याच्या दुकानाकडे गेलो नाही.

आमच्या घरी तू तीन वर्षं राहिलीस. कुसुमनं तुझं सगळं केलं, ते खरं आहे. मी आवाज चढवला नाही, तेही खरं आहे. कशाच्या जोरावर चढवणार होतो? पहिल्या वर्षी तू अधूनमधून विचारायचीस. ओट्यावर लसूण सोलता सोलता, वर न बघता. "दिगू, तुले काही सांगाचं हाय का?" मी म्हणायचो, "काय सांगाचं?" तू म्हणायचीस, "काही नाई. इचारलं." दरवेळी मी ठरवायचो की पुढच्या वेळी विचारलं की सांगीन. मग तू विचारायचं थांबलीस.

ते थांबलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते. तू का थांबलीस, हे मी समजून घेतलं नाही. तू कमी बोलू लागलीस. एखादी वस्तू कुठं ठेवली हे तुला ठाऊक असायचं, तरी कुसुमला विचारायचीस, "इथंच ठेवली होती न मी?" भाजीवाल्यानं पैसे परत दिले की मोजून माझ्या हातात द्यायचीस, "तूच पाय बावा." शाळेत पोरींना गणित शिकवलेली बाई. कुसुम म्हणायची, वाढतंय त्यांचं. मी हूं म्हणायचो. तुझं काहीही वाढत नव्हतं, ताई. तू तुझ्या डोळ्यांवरचा विश्वास हळूहळू काढून घेत होतीस, आणि तो मी काढायला लावला होता.

तू जायच्या आधी, दवाखान्यातल्या त्या दुपारी मी सांगायचं म्हणूनच आलो होतो. रिक्षात वाक्य जुळवत आलो. तुला धाप होती, नाकाला नळी होती, पण शुद्धीवर होतीस. नितीन औषधं आणायला खाली गेला. खोलीत आपण दोघंच. मी स्टूल ओढलं, तुझा हात हातात घेतला. तू डोळे उघडलेस आणि माझ्या आधी बोललीस.

"दिगू, लय दिवसांचं मनात हाय."

"बोल."

"त्या माशांपायी मी तुयावर संशय घेतला. मले वाटलं तुयाच हातून काही झालं अन् तू लपवून राहिला." तू श्वासासाठी थांबलीस. "मीच चुकली असीन. डोळेच तसे झाले होते. तू मले खोटं काहून सांगशीन? माफ कर बावा."

माझं वाक्य तयार होतं. तोंडात होतं. नितीनची पावलं जिन्यावर वाजली. मी तुझ्या हातावर थोपटलं आणि म्हणालो, "असू दे, ताई."

असू दे म्हणालो मी. तुला माफ केलं.

घरजावई कलून थरथरायचा, तेव्हा तू म्हणायचीस, तुमच्यातल्या एकाले तरी येते का असं. मला आलं नाही. आज नितीनला बोलावलं आहे. तो आला की हे त्याला वाचून दाखवणार आहे, मग त्यानं मला मामा म्हणावं की नाही हे त्यानं ठरवावं. सलीमभाईकडेही जाणार आहे. पण ते दोघं तू नाहीस. रिक्षात जुळवलेलं वाक्य तुझ्यासाठी होतं, आणि ते असं होतं:

ताई, मालकीन माह्या हातानं मेली. बोअरचं पानी मी टाकलं. तुले बराबर दिसत होतं, पहिल्या दिवसापासून बराबर दिसत होतं. मले माफ कर.